पिक्चर ट्यूबमधला उद्या

सोलजवळच्या ग्वाचेऑनमध्ये दक्षिण कोरियाचं आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. आत शिरलं की समोर टीव्हींची चवड. थोडेथोडके नव्हेत, १००३ टीव्ही, पॅगोड्यासारखे निमुळते होत साडेअठरा मीटर उंच गेलेले. भोवतीच्या गोल उतारावरून वर चढत ते पाहायचे. नाम जून पाइकनं हे ‘द मोअर, द बेटर’ १९८८ साली, सोल ऑलिंपिकच्या वर्षी उभं केलं. आकडाही उगाच नाही: दहाव्या महिन्याची तीन तारीख म्हणजे कोरियाचा राष्ट्रस्थापना दिन.

फेब्रुवारी २०१८ मध्ये हे सगळे टीव्ही बंद करावे लागले. जुन्या यंत्रांना आग लागण्याची भीती होती.

सोलमध्ये १९३२ साली जन्मलेला पाइक मूळचा संगीताचा विद्यार्थी. १९६३ मध्ये जर्मनीतल्या वुपरटालला त्यानं टीव्ही संच उघडून, आतलं वायरिंग फिरवून प्रदर्शनात मांडले. दोन वर्षांनी ‘मॅग्नेट टीव्ही’ आला: संचावर भलंमोठं लोहचुंबक ठेवलेलं, आणि पडद्यावरचं चित्र ओढलं जाऊन त्याची वळणदार नक्षी झालेली. चुंबक सरकवलं की नक्षी बदलते. आपल्याकडेही डबा टीव्हीच्या काळात जुन्या स्पीकरमधलं चुंबक पडद्याला लावून कोपऱ्यात जांभळा डाग पाडणारी आणि मग मार खाणारी पोरं होतीच. फरक एवढाच, की पाइकच्या डागाला म्युझियमनं जागा दिली.

पाइकनं कल्पिलेली भविष्यं गुळगुळीत, चकचकीत नसतात; ती खुडबुड्याच्या टेबलावरून उठून आलेली वाटतात. १९६४ मध्ये जपानी अभियंता शुया आबे याच्यासोबत त्यानं केलेला के-४५६ हा यंत्रमानव म्हणजे पत्र्याचा, तारांचा सांगाडाच. नाव मोत्झार्टच्या पियानो कॉन्चेर्तोच्या सूचिक्रमांकावरून. तो चालायचा, भाषणाची टेप वाजवायचा आणि मागून वाळलेले दाणे टाकायचा! १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमबाहेर पाइकनं त्याला मुद्दाम रस्त्यावर नेलं, ठरल्याप्रमाणे मोटारीची धडक बसवली आणि या धडकेला एकविसाव्या शतकातला पहिला अपघात म्हटलं. शतक उजाडायला अजून अठरा वर्षं होती.

१९७४ च्या ‘टीव्ही बुद्ध’मध्ये मात्र अशी धमाल नाही. बुद्धमूर्ती, समोर टीव्ही, मूर्तीवर रोखलेला कॅमेरा. बुद्ध स्वतःलाच पाहत बसलेला. आज सेल्फी काढणाऱ्यांना हे काम समजावून सांगावं लागत नाही.

पण तैलचित्र शतकानुशतकं टिकतं आणि पाइकचा ‘उद्या’ तीस वर्षांत म्हातारा झाला, कारण पिक्चर ट्यूब बनवणारे कारखानेच बंद पडले. ग्वाचेऑनच्या संग्रहालयाला मग टीव्ही मेकॅनिकचं काम अंगावर घ्यावं लागलं. जुन्या संचांचे सुटे भाग गोळा करून ७३७ टीव्ही दुरुस्त झाले. वरच्या बाजूचे २६६ छोटे संच काही जमेनात. तिथे बाहेरचं रूप तसंच ठेवून आत एलसीडी पडदे बसवले. सप्टेंबर २०२२ मध्ये मनोरा पुन्हा उजळला. मात्र जुन्या ट्यूबना जपायचं म्हणून तो दिवसातले मोजके तासच चालू ठेवतात.