कुंडीतलं विज्ञान (भाग ९) : साखरेच्या बाटलीतला वायू

गेल्या आठवड्यात प्रकाशाचा हिशेब झाला. आता पानांच्या दुसऱ्या खुराकाचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा.

कोमट पाण्यात साखर विरघळवायची, चिमूटभर यीस्ट टाकायचं, बुचातून नळी काढून तिचं तोंड पानांपाशी ठेवायचं. घरातल्या झाडांना वायू पुरवायची ही युक्ती हौशी मंडळींत बऱ्याच वर्षांपासून चालत आली आहे. रसायनशास्त्र तिच्या बाजूने आहे. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. २०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली, तर साधारण १०० ग्रॅम वायू मिळतो. आकारमानात तो ५५ लिटरच्या आसपास भरतो.

हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत २८,००० लिटर हवा मावते. बाहेरच्या हवेत दर दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग कार्बन डायऑक्साइड असतो. तो १००० वर न्यायचा, तर खोलीत आणखी १६ लिटर वायू हवा. तेवढ्यावर भागत नाही, कारण आपल्याकडच्या खिडक्या-दारांच्या फटींतून खोलीतली हवा सतत बदलत असते. तासाभरात ती एकदा बदलते असं धरलं, तरी हे १६ लिटर दर तासाला ओतावे लागतात. बाटलीतले ५५ लिटर निघायला मात्र दोन आठवडे जातात. म्हणजे एका खोलीला शंभर बाटल्या!

शांत बसलेला माणूस तासाला साधारण १५ ते १८ लिटर कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून सोडतो. आजोबा पेपर वाचत बसले, की शंभर बाटल्यांचं काम आपोआप होतं, आणि साखरही वाचते.

खायचा सोडा आणि व्हिनेगरचा प्रयोग दिसायला जोरदार, पण वायू पाच मिनिटांत संपतो. ८४ ग्रॅम सोड्याला बाजारातलं पातळ व्हिनेगर सव्वा ते दीड लिटर लागतं आणि त्यातून २४ लिटर वायू निघतो. उरलेलं पाणी कुंडीत ओतू नये. त्यातल्या सोडियमने माती बिघडते. बंद खोलीत मेणबत्त्या किंवा शेगडी पेटवून वायू वाढवण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो सरळ धुडकावावा; अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो जीव घेतो.

मग हरितगृहांत हा वायू विकत घेऊन का सोडतात? नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळच्या शेलच्या रिफायनरीतला कार्बन डायऑक्साइड २००५ पासून एका जुन्या, वापरातून गेलेल्या तेलवाहिनीतून हरितगृहांना पोहोचवला जातो. पूर्वी तिथले शेतकरी ऐन उन्हाळ्यात, उष्णतेची गरज नसतानाही, केवळ या वायूसाठी नैसर्गिक वायू जाळत. पण तिथे टोमॅटोवर भरपूर ऊन पडतं, त्यामुळे वाढीव वायू पानांना वापरता येतो. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातल्या मनीप्लँटचं अडतं ते उजेडापाशी. वायू दुप्पट केला, तरी अंधाऱ्या कोपऱ्यात त्याला फारसं काही करता येत नाही.

हीच बाटली पाणवनस्पतींच्या फिशटँकला जोडली, की सगळं गणित उलटतं. पाण्यात हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, त्यामुळे बुडालेली पानं खरोखर उपाशी असतात. उघड्या हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो. हौशी लोक २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. ५० लिटरच्या टँकला त्यासाठी एका वेळी फक्त दीड ग्रॅम वायू विरघळलेला लागतो. पृष्ठभागावरून उडून जाणारा भरून काढावा लागतो, तरी साखरेची एक बाटली दोनेक आठवडे पुरते.

बाटली सोड्याची प्लास्टिकचीच घ्यावी, काचेची दाब वाढल्यावर फुटते. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर टँकचं पाणी उलटं बाटलीत येतं. मध्ये एक छोटी रिकामी बाटली ठेवली, तर फेसाळलेलं यीस्ट माशांपर्यंत जात नाही. मे महिन्यात मिश्रण भराभर आंबतं, डिसेंबरात रेंगाळतं. अल्कोहोल दहा-बारा टक्क्यांवर गेलं, की बेकरीचं यीस्ट थंडावतं आणि नवं मिश्रण करावं लागतं.

खरी अडचण रात्रीची. दिवा मालवला, की वनस्पती वायू घ्यायचं थांबवतात, उलट स्वतःच सोडू लागतात. यीस्टला मात्र बंद करायचं बटण नाही. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करताना दिसले, तर नळी काढून एअर पंप लगेच सुरू करावा. म्हणूनच बरेच जण आता सायट्रिक ॲसिड आणि खायच्या सोड्याचा संच वापरतात: दोन बाटल्या, मध्ये बारीक चावी, आणि झोपायला जाताना ती बंद.