कातड्याची पारख

माझ्या आजोळी ओटीवर बिबट्याचे कातडे अंथरलेले असे. जबडा उघडा, डोळे काचेचे, कडेने लाल बनातीची किनार. पोटाकडच्या भागावर मात्र केस नव्हते. ‘कसर लागली,’ असे आजोबा सांगत. पुढे शिकारीच्या काळातील कारागिरीचा अभ्यास करताना माझ्या लक्षात आले, की दोष कसरीचा नव्हता, पारखीचा होता.

‘पेंढा भरलेला वाघ’ हा आपला सरसकट शब्दप्रयोग. गालिच्यात मात्र फक्त डोके भरतात. बाकीचे कातडे सपाट पसरते. त्यामुळे पारखही बदलते. उभ्या केलेल्या प्राण्याचे पोट सहसा नजरेस पडत नाही, शिवणही तिथेच लपते. गालिच्यात पोटाची मधोमध चीर उलगडते आणि तेच पांढुरके केस दोन्ही कडांना येतात. चीर वाकडी गेली, तर एक बाजू रुंद आणि दुसरी अरुंद होते. ती चूक कुठलाही कारागीर पुरती झाकू शकत नाही.

नेमके पोटच आधी बिघडते. जनावर मरताच जिवाणू केसांची मुळे सैल करू लागतात. पोट, कान, ओठ आणि बोटांच्या बेचक्या ही पहिली ठिकाणे. जाड केसांखाली अंगाची ऊब टिकते, म्हणून आपल्या हवेत काही तासांचा उशीरही महागात पडतो. यावर उपाय एकच: लगेच सोलणे, चरबी खरवडणे, आतून भरपूर बारीक मीठ चोळणे आणि सावलीत वाळवणे. उन्हात घातलेले कातडे वरून कडक होते, आत कुजत राहते. म्हणून पारखी आकाराआधी पोटावरचे केस चिमटीत धरून हलकेच ओढून पाहतो. केस हातात आले, तर ते कातडे बाद. त्यानंतर ऋतू पाहायचा. थंडीतली लव दाट असते, उन्हाळ्यातली आखूड आणि विरळ. गोळीचे भोक शेवटी. ते शिवता येते.

म्हैसूरची व्हॅन इंगेन ही पेढी या कामासाठी जगभर नावाजलेली होती. कातडी कमावणे, साच्यावर कागदी लगद्याची डोकी घडवणे यात तिचा हातखंडा होता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा हा काळ संपला. १९९९मध्ये पेढीही बंद झाली. या पारखीत एक क्रौर्य होते, हेही मान्य करायला हवे. दाट लवेचे, धडधाकट, भर थंडीतले जनावर ‘उत्तम’ ठरे. म्हणजे जे जगायला सर्वांत लायक, तेच.

आज बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील केंद्रात नैसर्गिकरीत्या मेलेल्या प्राण्यांचे जतन होते. तिथे जनावर निवडायची सोय नाही, पण वेळेची जुनी कसोटी तीच आहे.

मागच्या वर्षी मामेभावाने विचारले, ‘हे दुरुस्त होईल का रे?’ आजोबांच्या काळचा मालकीचा दाखला त्याच्याकडे जपलेला आहे. मी नाही म्हणालो. गेलेले केस परत येत नाहीत आणि ठिगळासाठी दुसरे कातडे शोधणे हा गुन्हा आहे. ‘मग आजोबांचं काय चुकलं?’ त्याने विचारले. मी केस गेलेल्या जागेवर बोट ठेवले आणि म्हणालो, ‘मीठ उशिरा लागलं. आणि त्याआधी, गोळी सुटली.’