‘मुलं आहेत, भांडणारच’

“मुलगा पडलाय, घेऊन जा.” शाळेचा फोन येतो तो एवढाच. मनगटाला प्लास्टर चढत असताना पोरगं हळूच सांगतं, पडलो नाही, रोज डबा हिसकावणाऱ्या दोघांनी जिन्यावरून ढकललं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये ऐकायला मिळतं, “मुलं आहेत, भांडणारच.”

भारतीय न्याय संहितेचं कलम ११६ तसं मानत नाही. हाड किंवा दात मोडला, की ती ‘जबर दुखापत’.

‘ढकलणारा अल्पवयीन, त्याला काही होत नाही’ हेही अर्धंच खरं. ७ वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. ७ ते १२ या वयात त्याची समज किती, ते पाहतात. एरवी प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. पोलिसांनी एफआयआर घेतला नाही की पालकांना वाटतं, प्रकरण दाबलं. पण अतिगंभीर गुन्हा सोडला तर अल्पवयीन मुलावर नियमानुसारच एफआयआर होत नाही. स्टेशन डायरीत नोंद होते आणि अहवाल मंडळाकडे जातो. त्या नोंदीचा क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. मंडळ समुपदेशनाचा, समाजसेवेचा, पालकांनी दंड भरण्याचा आदेश देऊ शकतं. मला हे रास्त वाटतं. मारणारंही कुणाचं तरी लेकरूच असतं, त्यालाही वेळीच कुणी थांबवायला हवं.

सर्वांत महागात पडतो तो समज म्हणजे ‘रॅगिंगचा कायदा कॉलेजपुरता’. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगबंदी कायद्यात शिक्षण देणारी कुठलीही संस्था येते, वसतिगृह आणि शिकवणीसुद्धा. चिडवणं, धमकावणं, इजा करणं, सगळं त्यात बसतं. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे धाडायची. त्याने कुचराई केली तर रॅगिंगला साथ दिल्याचा ठपका त्याच्यावरच येतो. केबिनमधल्या तोंडी रडगाण्याने मात्र यातलं काहीच सुरू होत नाही. अर्जाच्या दोन प्रती करा, आपल्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा, हेही त्यातच लिहा. जुन्यावर नवं चढतं आणि पुरावा जातो. दवाखान्याच्या कागदावर ‘पडला’ असं नको, खरं कारण लिहायला सांगा.

शाळेचा निष्काळजीपणा दाखवता आला, तर मुलाच्या वतीने भरपाईचा दिवाणी दावाही लावता येतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, आईवडिलांचं उत्पन्न कितीही असो.