एका खिळ्यावरची दोन पंचांगं

सांगलीच्या विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेजच्या मागच्या अंगाला आमचं घर. स्वयंपाकघरात एकाच खिळ्याला दोन पंचांगं असत, वडिलांचं दाते आणि आजीचं टिळक. आजी 10 जानेवारीलाच हातावर तिळगूळ ठेवायची, आई 14ला. लाडू दोनदा मिळायचे, त्यामुळे तक्रार कुणाचीच नव्हती. पण सूर्य एक आणि संक्रांती दोन, हे खूळ तेव्हा डोक्यात शिरलं ते अजून निघालेलं नाही.

या दोन पंचांगांच्या वादाची पूर्वपीठिका अशी. जुनी पंचांगं ज्यावरून बनत त्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथाचं गणित आकाशाशी जुळेना, केरोपंत छत्र्यांनी 1865 पासून पटवर्धनी पंचांग काढलं, मग लोकमान्य टिळक त्यात उतरले. खरा तंटा राशिचक्र मोजायला सुरुवात कुठून करायची, याचा. रेवतीपक्ष मीन राशीतला झीटा तारा धरतो. चित्रापक्ष चित्रेच्या बरोबर समोरचा बिंदू. दोहोंत फरक सुमारे 4 अंशांचा. सूर्य दिवसाला अंशभर सरकतो, म्हणून रेवतीपक्षातल्या आजीची संक्रांत चार दिवस आधी. 1920 साली खुद्द सांगलीत ज्योतिष संमेलन भरलं, तेव्हा टिळकांचं वजन रेवतीच्या पारड्यात होतं.

मला मात्र ओढ लागली ती समोरच्या बाजूच्या माणसाची. व्यंकटेश बापूजी केतकर, जन्म 1854, पेशाने शाळामास्तर, मुक्काम बागलकोट. युरोपातलं ताजं ग्रहगणित पचवून त्यांनी ‘ज्योतिर्गणित’ आणि ‘केतकी ग्रहगणित’ लिहिले, तेही संस्कृतात. गावोगावच्या जोशांना श्लोकच पाठ होतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

1911 साली या मास्तरांचा एक लेख फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत आला. नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, नावं ब्रह्मा आणि विष्णू! सूर्य-पृथ्वी अंतर एक मानलं तर ब्रह्मा 38.95वर, फेरा सुमारे 242 वर्षांचा. 1930मध्ये प्लूटो सापडला: अंतर 39.5, फेरा 248 वर्षांचा. केतकर त्याच वर्षी वारले.

आपल्याकडे ही गोष्ट ‘आधीच सांगितलं होतं’ अशा थाटात सांगतात. मला ते पटत नाही. त्यांचा विष्णू 59.57वर होता, तिथे तसा ग्रह आजवर मिळालेला नाही. ब्रह्मा जुळला त्यात नशिबाचा वाटा मोठा. पण गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांतलं प्रमाण लाप्लासने दाखवलं होतं, तसंच प्रमाण बाहेरच्या ग्रहांतही असेल, हा त्यांचा तर्क मात्र पोकळ नव्हता. नेपच्यूनचे तीन फेरे होतात तेवढ्यात प्लूटोचे दोन, हे पुढे 1960च्या दशकात गणकयंत्रांनी दाखवलं.

पंचांगाच्या लढाईतही अखेर त्यांचीच सरशी झाली. 1952 साली सरकारने कॅलेंडर सुधारणेची समिती नेमली, अध्यक्ष मेघनाद साहा, म्हणजे ताऱ्यांच्या वर्णपटांचं कोडं सोडवणारे भौतिकशास्त्रज्ञ. या समितीने 21 मार्च 1956साठी अयनांश (वसंतसंपातापासून राशिचक्राच्या आरंभापर्यंतचं अंतर) 23 अंश 15 कला धरले. ते चित्रापक्षाचेच.

आजीचा पक्ष त्यामुळे संपला असं नाही. चार अंशांनी कधी अधिक महिनाच सरकतो. 2023मध्ये टिळक पंचांगवाल्यांचे गणपती 20 ऑगस्टला बसले, बाकीच्यांचे 19 सप्टेंबरला. आमच्या गल्लीत दोन्ही घरं आहेत. पूजेला गुरुजी दोन्हीकडे तेच आले, दक्षिणा दोनदा.