होडीला पंख फुटतात तेव्हा

अमेरिकेत हौशी मंडळी गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी विमान बांधतात. त्यातली काही विमानं धावपट्टीवर उतरतात, तशी तळ्यातही. व्होल्मर जेन्सन यांचं १९५८ साली उडालेलं ‘व्हीजे-२२ स्पोर्ट्समन’ असंच उभयचर विमान. होडीसारखं धड लाकडी, तर पंख एरोन्का या छोट्या विमानाचे.

अशा विमानाची खरी कसोटी पाण्यावर लागते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन. वेगात टेकताना ते घणासारखं आदळतं. हा आघात तळाच्या फळीतून सांगाड्यात आणि तिथून पंखांच्या सांध्यांपर्यंत जातो. म्हणूनच तळ सपाट न ठेवता ‘व्ही’ आकाराचा करतात. तो पाणी चिरत जातो आणि धक्का सौम्य होतो.

दुसरा शत्रू सावकाश येतो. प्लायवूडमध्ये मुरलेली ओल लाकूड कुजवते, तर खारं पाणी ॲल्युमिनियम आणि बोल्ट पोखरतं. वरचा रंग मात्र चकचकीतच दिसतो. आतली कमजोरी अशी बाहेरून न दिसणं जीवघेणं ठरू शकतं. डिसेंबर २००५मध्ये मायामीत १९४७ सालच्या ग्रमन मॅलार्ड या उभयचर विमानाचा उजवा पंख उडतानाच निखळला. धातूच्या थकव्याने पडलेल्या भेगा हे त्याचं कारण होतं. विमानातले २०ही जण गेले. ते विमान कारखान्यात बनलं होतं, पण धडा घरच्या विमानालाही तोच आहे.

म्हणून प्रत्येक हंगामात तळातलं पाणी निघून जाण्याची भोकं मोकळी करावीत, झाकणं उघडून कोपरे तपासावेत आणि लाकूड ठोकून पाहावं. बद्द आवाज आला, तर तिथेच थांबावं. विमान बांधायला वर्षं लागतात. ते टिकवायला सततची नजर लागते.