दुर्मीळ नाणे आणि धातूच्या भावाचा कायदा

म्हैसूरपासून जवळच असलेल्या श्रीरंगपट्टणात टिपू सुलतानाची मुख्य टांकसाळ होती. तेथे पाडलेला, हत्तीची मुद्रा असलेला तांब्याचा पैसा आज दोनशे वर्षांहून जुना आहे. तरीही सामान्य स्थितीतील असा पैसा मध्यमवर्गीय संग्राहकाच्या आवाक्यात असतो. याउलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया शंभरीचाही नाही, आणि त्यासाठी हौशी मंडळी मोठी रक्कम मोजतात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या विसंगतीचे नेहमीच कुतूहल वाटत आले आहे.

वय म्हणजे दुर्मीळता नव्हे. किती नाणी पाडली गेली यापेक्षा किती उरली, हे महत्त्वाचे असते आणि ते बहुधा राज्यसत्तेच्या निर्णयांवर ठरते. १९४० मध्ये सरकारने रुपयातील चांदीचे प्रमाण सुमारे ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणले. हिणकस नाणे चलनात आले की कसदार नाणे घरात दडते किंवा मुशीत जाते. त्या अखेरच्या कसदार वर्षाचे रुपये त्यामुळे अत्यल्प उरले. १९११ च्या रुपयाची कथा आणखी बोलकी आहे. पाचव्या जॉर्जच्या वस्त्रावरील छोटा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. भावना दुखावल्याची तक्रार झाली; सरकारने नाणी परत घेतली, बरीचशी वितळवली आणि पुढच्या वर्षी ठसा बदलला. प्रशासनाने आवरती घेतलेली चूकच पुढे संग्राहकांचे आकर्षण ठरली.

टिपूच्या नाण्यांतही हीच प्रतवारी दिसते. त्याने कालगणना बदलली, मौलुदी सनाचे आकडे उजवीकडून डावीकडे कोरवले आणि प्रत्येक मूल्याच्या नाण्याला स्वतंत्र नाव दिले. बाजारहाटासाठी पाडलेला तांब्याचा पैसा विपुल उरला. ‘हैदरी’ हा दुहेरी रुपया आणि ‘अहमदी’ ही सोन्याची मोहोर मात्र विरळा. महाराष्ट्रात तांब्याची शिवराई पिढ्यान् पिढ्या चालली, म्हणून ती आजही सहज मिळते. छत्रपती शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच ज्ञात आहे. त्यात महाराजांविषयीची श्रद्धा मिसळते आणि किमतीला धातूच्या वजनाशी काही देणेघेणे उरत नाही.

आपला कायदा नेमका येथेच अडखळतो. कर्नाटकाने १९६२ मध्ये स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्रात १८७८ चा निखात निधी अधिनियमच चालतो. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे. सरकारला ते हवे असेल, तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश इतकी रक्कम दिली जाते. म्हणजे तीन ग्रॅमांहूनही हलक्या होनाचा मोबदला सोन्याच्या दराने, आणि तांब्याच्या हंडाभर नाण्यांचा जवळजवळ भंगाराच्या भावाने. नांगराच्या फाळाला हंडा लागलेल्या शेतकऱ्याने सराफाकडे किंवा दलालाकडे जायचे ठरवले, तर दोष एकट्या त्याच्या लोभाचा कसा मानावा?

हानी केवळ काही नाण्यांची होत नाही. कोणत्या गावी, कोणत्या नाण्यांसोबत, किती संख्येने ठेवा सापडला, यावरून इतिहासकार व्यापारी मार्ग, लढायांच्या झळा आणि चलनाचा विस्तार ताडून पाहतात. ठेवा फुटून सुटी नाणी बाजारात आली की तो पुरावा कायमचा पुसला जातो. संग्राहकाच्या तबकात नाणे उरते, त्याचा पत्ता हरवतो.

इंग्लंडने १९९६ च्या कायद्यान्वये तज्ज्ञ समितीने ठरवलेली बाजारमूल्याइतकी रक्कम शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटण्याची पद्धत स्वीकारली; लोक स्वतःहून नोंद करू लागले. आपल्याकडे खर्चाचा आक्षेप येईल. पण प्रत्येक ठेवा विकत घेण्याची गरजच नाही. सर्व नाण्यांची छायाचित्रांसह नोंद करावी, दुर्मीळ तेवढी संग्रहालयासाठी रास्त दराने घ्यावीत आणि उरलेली प्रमाणपत्रासह शोधणाऱ्याला परत द्यावीत. प्रामाणिकपणा तोट्याचा ठरवणारा कायदा कितीही कडक असला, तरी त्याला जमिनीखालचे सत्य कोणी सांगत नाही.