हिरड्यांची कैफियत

सोलापूरच्या पूर्वभागातील ज्या वस्त्यांत उंबरठ्याशी बसून, मांडीवर सूप घेऊन, तेंदूच्या कापलेल्या पानांत तंबाखू भरून विड्या वळण्याचे काम स्त्रियांच्या अनेक पिढ्या करीत आल्या आहेत, त्या वस्त्यांत सकाळच्या प्रहरी तव्यावर भाजल्या जाणाऱ्या तंबाखूचा उग्र वास आजही अधूनमधून नाकात शिरतो. ही काळीभोर होईतो भाजलेली आणि बारीक कुटलेली तंबाखू म्हणजे मिश्री; ती बोटाच्या पेरावर घेऊन हिरड्यांवर चोळीत बसणे हा केवळ विडी कामगार स्त्रियांचाच नव्हे, तर महाराष्ट्रातील असंख्य घरांचा परिपाठ आहे. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले असते: मिश्रीने हिरड्या घट्ट होतात, दात किडत नाहीत आणि रक्त येत असेल तर तेही थांबते. या तीन दाव्यांपैकी तिसऱ्यात थोडेसे तथ्य आहे, आणि तेच सर्वांत घातक आहे.

तंबाखूतील निकोटीन हे द्रव्य सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे आकुंचन घडविते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाबतीत तर हे निर्विवाद ठरले आहे की, त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्या वरकरणी फिकट व घट्ट दिसतात, आणि त्याच वेळी दातांच्या मुळांभोवतीचे हाड मात्र इतरांपेक्षा अधिक वेगाने झिजत असते. म्हणजे तंबाखू रोग बरा करीत नाही. शरीराने रोगाविरुद्ध नोंदविलेली फिर्याद तेवढी ती दप्तरातून गहाळ करते. शिवाय ज्या जागी मिश्री नित्य चोळली जाते, तेथे हिरडी मुळाकडे सरकते, पांढरे चट्टे उठतात, आणि त्यांतील काहींचे पर्यवसान कर्करोगात होते. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. परंतु घरच्या तव्यापर्यंत त्या हुकमाचा अंमल पोहोचत नाही, आणि तो पोहोचावा कसा, हेही कोणास सांगता येणार नाही.

दुसरा समज उष्णतेचा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून जातो अशा या शहरात हरएक विकाराचे खापर अंगातील उष्णतेवर फुटावे, यात नवल नाही. हिरडीतून रक्त दिसले की सब्जा, गुलकंद आणि ताक यांची योजना होते, आणि ब्रश मात्र ‘दुखऱ्या जागेला नको’ म्हणून खुंटीला लागतो. सब्जाने कोणाचे वाईट होत नाही. ब्रश थांबविल्याने निश्चित होते. याची रुजवात १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने झाली. डेन्मार्कमधील आरहूस येथे हाराल्ड लोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात स्वच्छ करणे संपूर्ण थांबवावयास लावले. दहा ते एकवीस दिवसांच्या मुदतीत बाराही जणांच्या हिरड्यांना सूज आली, आणि दात घासणे पुनश्च सुरू करताच थोड्याच दिवसांत ती उतरली. डेन्मार्कात ऊन ते असे किती असणार! दोष होता तो दातांच्या बुडाशी साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थराचा. सबब, जेथे रक्त येते तेथेच मऊ केसांचा ब्रश दात व हिरडी यांच्या सांध्याशी तिरपा टेकवून हलक्या हाताने, परंतु न चुकता फिरवावयाचा असतो. पंधरवड्यात रक्त थांबले नाही तर घरगुती इलाजांची हद्द संपली असे समजावे.

‘दुखत तर नाही, मग रोग कसला?’ हा तिसरा प्रश्न अत्यंत स्वाभाविक आहे. किडलेली दाढ रात्रभर ठणकून झोप उडविते, तिच्यापुढे हिरडीचा विकार अगदीच मुका. सुश्रुताने दंतमूलगत रोगांचे पंधरा प्रकार सांगितले. त्यांतील ‘शीताद’ या विकारात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते, त्यांना दुर्गंधी सुटते व त्या मऊ पडतात, तर ‘दंतवेष्ट’ या विकारात पू व रक्त वाहून दात हलू लागतात. आपण ज्यास पायोरिया म्हणतो त्याची लक्षणे आजही हीच. परंतु दात हलण्याची वाट पाहणे म्हणजे फार उशीर करणे होय, कारण हिरडीची सूज पूर्णपणे ओसरते, गेलेले हाड मात्र सहसा परत येत नाही. तज्ज्ञ दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट सळई दात व हिरडी यांच्यामधील फटीत अलगद उतरवितो आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी आकडे सांगत जातो. दोन, तीन, दोन असे आकडे ऐकू आले तर चिंता नको. पाच, सहा, सात असे येऊ लागले, तर आरशात सुबक दिसणाऱ्या त्या हिरडीखाली खोल कप्पे तयार झाले आहेत असे जाणावे. हाडाची झीज किती झाली, ते क्ष-किरण चित्रात दिसते.

वय झाले की दात पडावयाचेच, असे म्हणणाऱ्यांनी श्रीलंकेतील चहामळ्यांचा दाखला पाहावा. तेथील ४८० मजुरांची १९७० पासून सुमारे पंधरा वर्षे वेळोवेळी तपासणी झाली. ते कोणतीही दंतस्वच्छता पाळीत नसत आणि दंतवैद्याची गाठ त्यांना ठाऊक नव्हती. तरीही सुमारे ८ टक्क्यांचा रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. वय सर्वांचेच वाढत होते. अर्थात रोगाची गती शरीराच्या प्रकृतीवर पुष्कळ अवलंबून असते, आणि एखाद्या घराण्यात दात लवकर जातात हे बोलणे सर्वस्वी खोटे नाही. परंतु आपण त्या ८ टक्क्यांत आहोत की ११ टक्क्यांत, हे तपासणीवाचून कळत नाही.

आता ज्या समजापायी सर्वाधिक दात गमावले जातात असे माझे मत आहे, त्याकडे वळतो. ‘दात साफ करून घेतले, आणि मग हलायला लागले.’ कीटण साचून, कठीण होऊन त्याचा जो दगड बनतो, तो हाड झिजलेल्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवतो. तो काढला की दात पूर्वीच किती सैल झाले होते ते उघडकीस येते, सूज उतरल्याने फटी दिसू लागतात, आणि काही दिवस थंड पाणी झोंबते. स्केलिंगचे यंत्र सूक्ष्म कंपनांनी हा दगड सोडविते, दाताचे आवरण तासून काढीत नाही. खोल कप्पे असतील तर जागा बधिर करून मुळांपर्यंत सफाई करावी लागते, क्वचित शस्त्रक्रियाही. केवळ गोळ्यांचा कोर्स घेऊन हा रोग बरा होत नाही, कारण जंतूंच्या त्या थरात औषध पुरेसे शिरत नाही. मिठाच्या गुळण्यांनी आराम वाटतो, दगड सुटत नाही. गर्भारपणी दात साफ करणे वर्ज्य मानतात, तेही निराधार आहे. त्या काळात हिरड्या अधिक सुजतात, म्हणून सफाईची गरज उलट वाढते, आणि मधले तीन महिने त्यास सोयीचे असतात.

मधुमेह्यांनी तर हा विषय तोंडापुरता मानूच नये. साखर चढी असली की हिरड्यांचा रोग बळावतो, आणि रोग बळावला की साखर आवरत नाही. उलट हिरड्यांवर नीट उपचार झाल्यास दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखविणारा एचबीएवनसीचा आकडा साधारण ०.४ ने उतरतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसून आले आहे.

मिश्री सोडू इच्छिणाऱ्या माताभगिनींना एक सूचना देणे अगत्याचे आहे. तंबाखू सुटल्यावर काही दिवस हिरड्यांतून पूर्वीपेक्षा अधिक रक्त येण्याचा संभव असतो, आणि ‘बघा, मिश्री बंद केली आणि रक्त सुरू झाले’ असे म्हणून पुष्कळ जणी पुन्हा डबीकडे वळतात. ते रक्त आजवर दडपलेल्या रोगाचे असते. अशा वेळी शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अथवा केगावच्या दंत महाविद्यालयात जाऊन हिरड्या त्या सळईने मोजून घ्याव्यात, आणि तोंडात पांढरा चट्टा असल्यास तोही त्याच खेपेस दाखवावा.